मालाडच्या बंगल्यातली बक्कलं

ती घटना आजही आठवते, असं आम्हा निवृत्त पोलिसांपैकी कोणी म्हटलं की ऐकणारा सरसावून बसतो. आता खून येणार, नाहीतर दरोडा. माझ्या या आठवणीत रक्ताचा थेंबही नाही. एक लाकडी पेटी, तिच्यातली एकतीस पितळी बक्कलं आणि दोन म्हातारे, एवढाच सगळा ऐवज. तरीही छत्तीस वर्षांच्या नोकरीतलं हेच प्रकरण मला अजून स्वस्थ बसू देत नाही.

पन्नासचं दशक होतं. मी नवा फौजदार म्हणून उपनगरातल्या एका ठाण्यावर रुजू झालो होतो. आमची हद्द लांबलचक, एका बाजूला साकीनाक्याचे छोटे कारखाने तर दुसऱ्या बाजूला मालाडपलीकडची खाडी. क्वार्टर मिळालं नव्हतं, म्हणून बायको साताऱ्याला माझ्या आईकडे आणि मी ठाण्यामागच्या खोलीत. खानावळीचा डबा, एक खाट आणि भिंतीवरचं कॅलेंडर. आवारात दिवसभर माणसांचा राबता असायचा, पण माझ्याशी जो तो कामापुरतंच बोलायचा. मी तसा तापट होतो, हेही त्याचं कारण असेल.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. सकाळची हजेरी चालली होती. जमादार शिपायांचे पट्टे तपासत होता आणि मळकं बक्कल दिसलं की त्याच्या मालकाचा उद्धार करत होता. आमच्या खात्यात शिपायाला नावापेक्षा बक्कल नंबरानं ओळखतात, तेव्हा ही वस्तू आम्हाला काही परकी नव्हती. पण बक्कलं चोरीला गेली म्हणून कोणी फिर्याद द्यायला येईल हे आमच्यापैकी कोणाच्या स्वप्नातही आलं नसतं. तेवढ्यात फाटकाशी घोडागाडी थांबली आणि जाड भिंगांचा चष्मा लावलेले एक वृद्ध गृहस्थ पेटी छातीशी धरून उतरले.

नावं सांगत नाही. गल्लीत त्यांना भाऊसाहेब म्हणत, तेवढ्यावर भागेल. लष्कराच्या भांडार खात्यात नोकरी करून ते निवृत्त झाले होते. बायको तरुणपणीच गेली, मूलबाळ नाही. मालाडला लहानसा बंगला होता आणि तीस वर्षं त्यांनी एकच नाद केला होता, जुन्या पलटणींच्या पट्ट्यांची बक्कलं जमवायचा. कंपनी सरकारच्या वेळची, संस्थानी फौजांची, मोडून टाकलेल्या पलटणींची. ही बक्कलं ते एका संग्रहालयाला द्यायच्या विचारात होते, आपल्यामागं कोणीतरी सांभाळावीत म्हणून. त्यासाठी मुंबईत फोर्टातल्या एका जुन्या वस्तूंच्या पारख्याला त्यांनी बोलावलं. पारख्यानं दोन तास भिंग लावून पाहिलं आणि सांगितलं की एकतीसच्या एकतीस बक्कलं नवी ओतलेली आहेत, अस्सल कोणीतरी काढून नेली.

"बंगल्यात आणखी कोण असतं?" मी विचारलं.

"आमचा मामा, घरचा गडी," भाऊसाहेब म्हणाले आणि पेटीच्या कडीशी चाळा करत राहिले. "अठरा वर्षं आहे माझ्याकडे. पलटणीतून पेन्शनीवर आलेला. मी सात महिने बडोद्याला पुतण्याकडे होतो, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी. पेटीची किल्ली त्याच्याकडे ठेवून गेलो होतो, आग लागली, पाणी शिरलं तर असावी म्हणून. एरवी पेटी उघडायची नाही, असं बजावलं होतं."

"तुमचा संशय त्याच्यावर?"

"माझा नाही. पण दुसरं कोण?"

मी फिर्याद लिहून घेतली. नोकरानं केलेली चोरी, कलम ठरलेलं. दुपारी पंचांना घेऊन बंगल्यावर गेलो. कुलूप फोडलेलं नव्हतं, खिडकीचा गज वाकलेला नव्हता. पेटी, बक्कलं आणि भाऊसाहेबांची एक जाड वही मुद्देमाल म्हणून ताब्यात घेतली. शेजारच्या बाईंनी जबानीत सांगितलं की दोघे म्हातारे एकमेकांशी फारसे बोलत नसत, पण एक जेवल्याशिवाय दुसरा जेवायचा नाही. ते वाक्य मी लिहून घेतलं आणि विसरून गेलो.

पारख्याची जबानी मात्र मी नीट ऐकली, कारण तो माणूस आपल्या कामात पक्का होता. एक बक्कल तळहातावर ठेवून तो म्हणाला, "साहेब, शिपाई बक्कल समोरून घासतो. मागून घासायला त्याला सवड नसते. त्यामुळे शंभर वर्षांच्या बक्कलाची मागची बाजू कातड्याला लागून हिरवट-काळी पडते. अक्षरांच्या कोपऱ्यात जुनं पॉलिश वाळून बसतं. ते आम्ही आधी पाहतो. यात काहीच नाही. पुढून मागून सारखंच चकचकीत, रंग गुलाबीसर, अक्षरं बोथट. अस्सल बक्कलावरून साचा काढून नवं ओतलं की अक्षरं अशीच येतात."

माझी खात्री पटली. मामांना ठाण्यात आणलं. साठीचा, काटक, पांढऱ्या मिशांचा माणूस, मूळचा राजापूरकडचा. टेबलासमोर टाचा जुळवून ताठ उभा राहिला.

"अस्सल बक्कलं कुठं आहेत?"

"पेटीतच आसत साहेब."

"पेटीत खोटी आहेत."

"खोटी नाय. तीच ती."

"मग अशी नव्यासारखी कशी दिसतात?"

यावर त्याची नजर समोरच्या भिंतीवर. तासाभरानं विचारलं, दोन तासांनी विचारलं, तेच. मी हात उगारला नाही, पण शब्दानं मारायचं ते सगळं मारलं. मालकाच्या आंधळेपणाचा फायदा घेतलास, ज्या घरात खाल्लंस तिथंच हात मारलास, असं बरंच काही. तो ऐकत राहिला. जमादार मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, चोर तासाभरात बोलायला लागतो आणि थांबता थांबत नाही. हा गडी काहीतरी झाकतोय, पण चोरी नव्हे." जमादाराची नोकरी माझ्या वयाएवढी होती. तरी मी त्याला त्याचं काम करायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी खबर आली आणि मला हर्ष झाला. साकीनाक्याजवळ चहाचं दुकान चालवणारा आमचा एक खबऱ्या होता. त्यानं कळवलं की पांढऱ्या मिशांचा एक पेन्शनर गेल्या उन्हाळ्यात दोन-तीनदा तिथल्या ओताऱ्याकडे आला होता, हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी असायचं. ओतारी म्हणजे पितळ वितळवून साच्यात ओतणारा. आता आणखी काय हवं होतं? मामांना मॅजिस्ट्रेटपुढे उभं करून मी चार दिवसांची कोठडी घेतली. साकीनाक्याला कशाला गेला होतास, असं विचारलं तेव्हा पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर भीती दिसली. मी ती चोराची भीती समजलो. गुन्हा शाबीत झाला असता तर त्यांची पेन्शन धोक्यात आली असती, आणि जगात जे एकच घर त्यांना होतं ते तर गेल्यातच जमा होतं. हे मला कळत होतं. पण पहिली मोठी केस उलगडायच्या नादात मला त्याचं काही वाटलं नाही, हे कबूल केलं पाहिजे.

ओताऱ्याला उचलायला मी स्वतः गेलो. पत्र्याची शेड, मधोमध भट्टी, वाळूनं भरलेल्या लाकडी चौकटी. ओतारी मामांच्याच गावचा निघाला. मी एक बक्कल पुढं केलं आणि दरडावलं, "हे तू ओतलंस."

त्यानं ते उलटसुलट पाहिलं. "मी नाही साहेब. मामा माझ्याकडे यायचा तो कुरुंदाच्या पुडीसाठी. पितळ घासायची बारीक पूड असते ना, ती. फडक्यात बांधून न्यायचा. गावाकडच्या चार गोष्टी बोलायचा आणि जायचा."

"खोटं बोलू नकोस. अस्सलवरून साचा काढून तूच ही बनवलीस."

"अस्सलच्या मापाशी लावून बघितलंत का?"

"म्हणजे?"

त्यानं कोपऱ्यातून दाराची एक कडी आणि तिच्यावरून ओतलेली दुसरी कडी आणली, दोन्ही माझ्या हातावर ठेवल्या. दुसरी कडी किंचित लहान होती, डोळ्याला जेमतेम जाणवावी इतकी. "पितळ निवताना आकसतं साहेब. वस्तूवरूनच साचा काढला तर नवी वस्तू कधीच तेवढी भरत नाही. पाहिजे तर हे बक्कल आता इथंच ओतून दाखवतो."

ओताऱ्याला न उचलताच मी तिथून निघालो. ठाण्यात परतलो आणि मुद्देमालाच्या कपाटातून ती जाड वही काढली. भाऊसाहेबांनी प्रत्येक बक्कल आणल्या दिवशीच कागदावर ठेवून टोकदार पेन्सिलीनं त्याची कड रेखून घेतली होती. एकेका पानावर एकेक आकृती, खाली पलटण आणि मिळाल्याचं गाव. जमादाराला शेजारी बसवून मी एक एक बक्कल आपापल्या आकृतीवर ठेवत गेलो. पहिलं चपखल बसलं. दुसरंही.  एकतीसच्या एकतीस रेघेला रेघ जुळली. ती नवी नव्हती. भाऊसाहेबांनी तीस वर्षांत जमवलेली तीच ती बक्कलं होती आणि मामा पहिल्या दिवसापासून खरं बोलत होते.

मी त्यांना कोठडीतून बाहेर काढून खुर्चीवर बसवलं, चहा मागवला. ते खुर्चीच्या कडेला टेकले.

"मामा, तुम्ही ती घासलीत."

त्यांनी मान खाली घातली. "हुकूम मोडला साहेब. पेटी उघडूची नाय म्हणून सांगितल्यानी होता."

"मग कशाला उघडलीत?"

 मग ते हळूहळू बोलायला लागले. भाऊसाहेब बडोद्याला गेल्यावर दोन पत्रं आली, नंतर तीही नाहीत. बंगल्यात स्वयंपाक करायचा तो एकट्यासाठी, बोलायचं ते कावळ्यांशी. "घर खावक उठला साहेब. माणसाचा आवाज नाय." एक दिवस त्यांनी पेटी उघडली. पलटणीत पहाटे सगळी बराक ओळीनं बसून पट्टे घासायची, थट्टामस्करी चालायची, त्याची आठवण झाली. त्यांनी बक्कलं व्हरांड्यात ओळीनं मांडली आणि घासायला बसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसले. पॉलिशचा डबा संपला तेव्हा आई देवाची भांडी घासायची तशी चिंच लावली, विटकरीची भुकटी लावली, शेवटी साकीनाक्याहून पूड आणली. पुढून घासली, मागूनही घासली. पलटणीत सुभेदारानं मागची बाजू उलटून बघितली तर शिक्षा व्हायची, म्हणाले.

"एकेकाक नाव दिलंय. आमच्या कंपनीतले, लढाईतसून परत येवक नाय ते. सकाळी हजेरी घ्यायचो. एकतीस जण बसलेत असा वाटायचा."

सात महिने, रोज सकाळी. शंभर वर्षांच्या खुणा त्या हातांनी पुसून टाकल्या होत्या. चिंचेनं पितळ गुलाबी पडलं होतं आणि पुडीनं अक्षरं झिजली होती.

भाऊसाहेबांना आणि पारख्याला त्याच संध्याकाळी बोलावलं. वहीवर बक्कलं ठेवून दाखवली. पारखी प्रामाणिक होता. त्यानं आपली चूक लगेच मान्य केली, भाऊसाहेबांची आणि मामांचीही माफी मागितली. मग भाऊसाहेबांनी विचारलं, "आता संग्रहालय घेईल?"

पारख्यानं भिंग खिशात घातलं. "अस्सल आहेत भाऊसाहेब. पण वस्तूनं स्वतः सांगावं असं तिच्यावर काही उरलेलं नाही. मीच फसलो, तर ते कशाला घेतील?"

भाऊसाहेब चष्मा काढून पुसत बसले. मामा दाराशी उभे होते. आपण नक्की काय केलं हे त्यांना त्या क्षणी कळलं असावं. माझ्याकडे वळून ते म्हणाले, "चोरीच लिवा साहेब. चोरलेला गावता तरी." चोरलेलं निदान सापडतं, असं म्हणायचं होतं त्यांना.

भाऊसाहेबांनी कागदावर सही केली, पेटी उचलली आणि घोडागाडीत बसून निघून गेले. मामांकडे त्यांनी पाहिलंही नाही. रागापेक्षा ते दुःख होतं, हे मला आज समजतं. गुन्हा घडलाच नव्हता, फिर्याद गैरसमजातून झाली, असा अहवाल मी तयार केला. आमच्या भाषेत 'सी' समरी. मामांच्या सुटकेचे सोपस्कार झाले तेव्हा मी दिवाळीच्या बंदोबस्ताच्या याद्यांत बुडालो होतो.

"आता मी खंय जाव साहेब?" त्यांनी विचारलं.

"घरी जा," मी मान वर न करता म्हणालो. त्यांनी सलाम केला आणि गेले.

दहा-बारा दिवसांनी भाऊसाहेब पुन्हा ठाण्यात आले. या वेळी पेटी नव्हती, दाढी वाढलेली होती. मामा बंगल्यावर परतलेच नव्हते. भाऊसाहेबांनी आधी रागानं वाट पाहिली, मग नुसतीच वाट पाहिली. आता ते माणूस हरवल्याची खबर द्यायला आले होते. ठाणे अंमलदारानं वय लिहिलं, वर्णन लिहिलं आणि विचारलं, "नातं काय लिहू?" भाऊसाहेब शेवटी म्हणाले, "घरातले, असं लिहा."

मला तपास लागायला फार वेळ लागला नाही. साकीनाक्याच्या ओताऱ्यानं सांगितलं की मामा मनोरीला आहेत. मुंबईतल्या एका शेठचा हवा खायचा बंगला होता, वर्षातले दहा महिने बंद. तिथं राखणदाराचं काम त्यानंच मिळवून दिलं होतं. मी मार्व्याच्या धक्क्यावरून होडीनं खाडी ओलांडली. मामा पडवीत बसून जाळीचा एक तुटका पिंजरा दुरुस्त करत होते. मला पाहताच ताठ उभे राहिले.

मी सगळं सांगितलं. भाऊसाहेब वाट बघतायत, रागावलेले नाहीत, चला. त्यांनी मान हलवली. "नाय साहेब. मी समोर उभा रवलंय की त्यांका तीच बक्कलं दिसतली. म्हाताऱ्याक तरास कित्याक? मी हयसर बरो आसय." मग त्यांनी माझ्याकडून शब्द घेतला की ठावठिकाणा भाऊसाहेबांना सांगायचा नाही. हा माणूस एवढी एकच गोष्ट मागतो आहे, आणि त्याला मी चार दिवस विनाकारण कोठडीत ठेवलं आहे. मी शब्द दिला. त्या वेळी मला वाटलं, आपण याचं काहीतरी देणं फेडलं.

त्यानंतर भाऊसाहेब दर शनिवारी येत. बाकावर बसत, माझी सवड होईपर्यंत थांबत. "काही कळलं?" "तपास चालू आहे," मी सांगायचो. आरोपीशी खोटं बोलताना मला कधी काही वाटलं नव्हतं. पण त्या जाड भिंगांमागच्या डोळ्यांकडे मला बघवत नसे. एकदा ते म्हणाले, "दोन पानं वाढून बसतो हो मी अजून. सवय." तेव्हा मी बोलायला तोंड उघडलं होतं. पण शब्द दिलेला. मी टेबलावरचे कागद सारखे करत बसलो.

होळी झाली त्या आठवड्यात शनिवारी ते आले नाहीत. पुढच्या शनिवारीही नाहीत. म्हणून मी बंगल्यावर गेलो, तर शेजारच्या बाईंनी सांगितलं की पंधरवडा झाला त्यांना जाऊन. दुधाच्या बाटल्या दाराशी साचल्या तेव्हा कळलं. डॉक्टरांनी दाखला दिला, म्हणून ठाण्याला खबर आली नव्हती; पुतण्या बडोद्याहून येऊन सगळं उरकून गेला होता.

मी त्याच दिवशी मनोरी गाठली. मामा विहिरीवर होते. मी सांगितलं. त्यांनी कळशी खाली ठेवली आणि विहिरीच्या कठड्यावर बसले.

"कोण व्हता त्यांच्याजवळ?"

"कोणी नव्हतं."

"आजारी व्हते?"

"असावेत. दर शनिवारी ठाण्यात यायचे. तुमची चौकशी करायला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. या वेळी नजर भिंतीवर नव्हती. "मी नको म्हटलंय साहेब. पण तुमी आयकलास कित्याक?"

कशाला ऐकलंत, एवढंच विचारलं त्यांनी.  होडी सुटायची वेळ झाली म्हणून मी निघालो. निरोप घेताना त्यांनी सलाम केला नाही, आणि ते योग्यच होतं.

पुढं तरुण फौजदारांना शिकवायला मला बोलवत. पुरावा कसा गोळा करायचा, पंचनामा कसा लिहायचा, माप घेतल्याशिवाय कोणत्याही वस्तूवर मत देऊ नये, हे सगळं मी सांगायचो. पण या प्रकरणानं मला जे शिकवलं ते मी वर्गात कधी बोललो नाही, आज लिहितो. तो माणूस कोठडीत खरं बोलत होता तेव्हा मी त्याच्या एका शब्दावर विश्वास ठेवला नाही. आणि मनोरीला तो लाजेपोटी, मनाविरुद्ध बोलत होता तेव्हा मी त्याचा शब्द न् शब्द खरा धरला. दोन्ही वेळा त्याचा चेहरा माझ्यासमोर होता. नीट पाहिलं असतं तर दोन्ही वेळा मला कळलं असतं. मग मी त्याला हाताला धरून होडीत बसवलं असतं, आणि मालाडच्या त्या बंगल्यात दुसऱ्या पानावर कोणीतरी बसलं असतं.